ऑनलाइन दुकान: निवड आणि निगा

मार्च २००० मध्ये जर्मनीतल्या हाराल्ड पोन्से दे लेओन या प्रोग्रामरने ऑनलाइन दुकान चालवण्याचं एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि ते कुणालाही फुकट वापरता येईल असं खुलं ठेवलं. पुढे त्याचं नाव 'ओएसकॉमर्स' पडलं. मालाची यादी, खरेदीची टोपली, गिऱ्हाइकाचं खातं, ऑर्डर, पैसे भरण्याची सोय, सगळं त्यात होतं. असं सॉफ्टवेअर विकत घेणं किंवा लिहून घेणं त्या काळी छोट्या व्यापाऱ्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यामुळे थोड्याच वर्षांत जगभरची हजारो दुकानं ओएसकॉमर्सवर उभी राहिली.

त्यात एखादी नवी सोय हवी असली, समजा वजनाप्रमाणे कुरिअरचा खर्च लावायचा असला, तर ती कुणीतरी आधीच लिहून सगळ्यांसाठी ठेवलेली असे. ती बसवण्याची रीत मात्र आज वाचली तर अंगावर काटा येतो. सोबत सूचनांची एक फाइल येई: अमुक फाइल उघडा, तीत अमुक ओळ शोधा, तिच्याखाली या ओळी चिकटवा. दुकानदार किंवा त्याचा डेव्हलपर हे हातानं करी. अशा दहा-पंधरा सोयी बसल्या की त्या दुकानातला कोड आणि मूळ कोड यांची ओळख उरत नसे. मूळ लेखकांनी सुरक्षेची दुरुस्ती काढली, तरी ती लावायची कशी? नवी फाइल टाकली की हातानं घातलेल्या सगळ्या ओळी पुसल्या जाणार आणि दुकान बंद पडणार. म्हणून दुकानदार दुरुस्ती टाळत राहिले. तिकडे तिसरी आवृत्ती येणार, येणार म्हणता म्हणता २०११ साल उजाडलं. तोपर्यंत लाखमोलाचा माल विकणारी दुकानं कित्येक वर्षांपूर्वीच्या कोडवर चालत होती.

ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरबद्दल मला जे सांगायचं आहे, त्याचं मूळ या गोष्टीत आहे. निवड करताना बहुतेक जण सोयींची यादी पाहतात: किती थीम आहेत, किती पेमेंट गेटवे जोडता येतात, सवलतीची कूपनं देता येतात का. ही यादी आज सगळ्याच नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ सारखी आहे. पाहायची गोष्ट वेगळी आहे. या प्रकल्पानं मोठा बदल केला, तेव्हा जुन्या आवृत्तीवर राहिलेल्या दुकानदाराशी तो कसा वागला? कारण आज तुम्ही नवं म्हणून जे बसवाल, ते चार-पाच वर्षांत जुनं होईल आणि तेव्हा तो जुना दुकानदार तुम्ही असाल.

ओपन सोर्स म्हणजे केवळ फुकट नव्हे, एवढं इथे स्पष्ट केलं पाहिजे. सॉफ्टवेअरचा मूळ कोड वाचता येतो, बदलता येतो, बदललेला कोड दुसऱ्याला देता येतो, आणि हे हक्क परवान्यात लिहून दिलेले असतात. दुकानांच्या सॉफ्टवेअरपैकी वूकॉमर्स आणि ओपनकार्ट 'जीपीएल' परवान्याखाली येतात, मॅजेंटो 'ओएसएल'खाली, नोएडात जन्मलेलं बॅगिस्टो 'एमआयटी' परवान्याखाली. दुकानदाराच्या दृष्टीनं या सगळ्यांतला सर्वांत मोलाचा हक्क एकच आहे: मूळ कंपनीनं हात वर केले, तरी दुसरं कुणी तो कोड घेऊन पुढे चालवू शकतं. याला फोर्क करणं म्हणतात. ओएसकॉमर्सचा कोड घेऊन २००३ मध्ये 'झेन कार्ट' असंच वेगळं झालं.

हा हक्क कागदावरचा नाही, हे मॅजेंटोच्या इतिहासात नीट दिसतं.

लॉस एंजेलिसमधली 'व्हेरियन' ही कंपनी गिऱ्हाइकांना ओएसकॉमर्सवर दुकानं बांधून देत असे. त्या कोडच्या मर्यादांना कंटाळून रॉय रुबिन आणि योआव कुटनर यांनी सगळं नव्यानं लिहायचं ठरवलं. ३१ मार्च २००८ रोजी मॅजेंटोची पहिली आवृत्ती आली. मूळ फाइलला हात न लावता वेगळ्या मॉड्यूलमधून सोयी जोडायची शिस्त त्यात होती, आणि एकाच ठिकाणाहून अनेक दुकानं, अनेक भाषा, अनेक चलनं सांभाळता येत होती. मोठे व्यापारी तिकडे वळले. २०११ मध्ये ईबेनं ही कंपनी विकत घेतली, २०१५ मध्ये ती पर्मिरा या गुंतवणूक कंपनीकडे गेली आणि २०१८ मध्ये अडोबीनं ती १६८ कोटी डॉलरला घेतली.

दरम्यान नोव्हेंबर २०१५ मध्ये मॅजेंटो २ आलं. नाव तेच असलं तरी आतली रचना पार बदललेली होती. जुनी थीम नव्यात चालत नव्हती, जुनी मॉड्यूलं चालत नव्हती. माल, गिऱ्हाइकं आणि ऑर्डरी नेण्याचं साधन कंपनीनं दिलं होतं, पण बाकीचं दुकान पुन्हा बांधावं लागत होतं. ज्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वीच मोठा खर्च करून दुकान उभारलं होतं, त्यांना पुन्हा तेवढाच खर्च करा असं सांगण्यात आलं. पुष्कळांनी केला. पुष्कळ थांबून राहिले. मुदत वाढवून दिली गेली आणि अखेर ३० जून २०२० नंतर मॅजेंटो १ साठी कंपनीकडून एकही दुरुस्ती येणार नाही, असं ठरलं.

सप्टेंबर २०२० मधल्या एका शनिवार-रविवारच्या आसपास सुमारे दोन हजार मॅजेंटो दुकानांत चोरटा कोड घुसवला गेला. बहुतेक दुकानं मॅजेंटो १ वरची होती. दुकानांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या सॅन्सेक या डच कंपनीनं हा प्रकार उघडकीला आणला. चेकआउटच्या पानावर गिऱ्हाईक कार्डाचा नंबर टाइप करत असतानाच त्याची एक प्रत चोरांच्या सर्व्हरवर जात होती. दुकान नेहमीसारखं चालू, ऑर्डर नेहमीसारखी पोचलेली. दुकानदाराला काही कळण्याचं कारणच नव्हतं. आधार संपायला तीन महिनेही उलटले नव्हते.

ज्यांना नवं दुकान बांधणं परवडत नव्हतं, त्यांना एक वाट उरली होती, आणि ती परवान्यानं उघडी ठेवलेली होती. काही डेव्हलपरांनी मॅजेंटो १ चा कोड घेऊन 'ओपनमेज' हा प्रकल्प चालवला. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेच काढतात, आणि जुना कोड त्यांनी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या आठव्या पिढीवर चालेल असा करून ठेवला आहे. एवढ्या मोठ्या कंपनीनं सोडलेलं काम मूठभर माणसांनी उचललं. मला या साऱ्या क्षेत्रातली ही सर्वांत आदराची गोष्ट वाटते. पण तिच्यावर विसंबून निवड करू नये. असा वारस प्रत्येक सॉफ्टवेअरला मिळत नाही.

आता वूकॉमर्सकडे पाहू. वर्डप्रेस हे मुळात ब्लॉग लिहिण्याचं सॉफ्टवेअर. तेसुद्धा २००३ मध्ये 'बीटू' नावाच्या दुसऱ्या प्रकल्पाचा फोर्क म्हणून सुरू झालं. वूथीम्स ही कंपनी वर्डप्रेससाठी थीम विकत असे. २०११ मध्ये तिनं 'जिगोशॉप' या दुकानाच्या प्लगइनचा कोड घेतला, ते लिहिणाऱ्यांपैकी दोघांना कामावर घेतलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वूकॉमर्स आणलं. २०१५ मध्ये वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिकनं वूथीम्स विकत घेतली.

ब्लॉगच्या सॉफ्टवेअरवर दुकान बांधल्याचे तोटे पुढे कितीतरी वर्षं दिसत राहिले. डेटाबेसमध्ये लेख ज्या तक्त्यात जात, त्याच तक्त्यात ऑर्डरी जात. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, पिनकोड, फोन, प्रत्येक तपशिलाची वेगळी ओळ, आणि या सगळ्या ओळी लेखांच्या तपशिलांत मिसळलेल्या. ऑर्डरी वाढत गेल्या की ॲडमिनमध्ये एक ऑर्डर शोधायलाही वेळ लागे. यावरचा उपाय म्हणजे ऑर्डरींसाठी स्वतंत्र तक्ते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांत तेच आपोआप लागू होतात. पण जुन्या दुकानांवर हा बदल लादला नाही. जुनं साठवण चालू ठेवता येतं, दोन्ही तक्ते काही काळ एकमेकांशी जुळते ठेवता येतात, आणि एखादं प्लगइन नव्या पद्धतीला तयार नसेल तर वूकॉमर्स तसं सांगतं. मॅजेंटोपेक्षा हा बदल लहान होता हे खरं. तरीही जुन्या दुकानदाराची आठवण ठेवून केलेला बदल कसा असतो, याचा हा चांगला नमुना आहे.

त्याहून बोलका प्रसंग जुलै २०२१ चा. वूकॉमर्समध्ये डेटाबेसपर्यंत पोचू देणारी एक गंभीर चूक सापडली. ती ३.३ पासून ५.५ पर्यंतच्या आवृत्त्यांत, म्हणजे साडेतीन वर्षांच्या कोडमध्ये होती. 'नवी आवृत्ती घ्या' असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण त्या लोकांनी जुन्या नव्वदहून अधिक आवृत्त्यांसाठी वेगवेगळी दुरुस्ती तयार केली आणि ती दुकानांपर्यंत आपोआप पोचवली. २०१८ ची आवृत्ती वापरणाऱ्यालाही २०१८ च्याच आवृत्तीतली दुरुस्त प्रत मिळाली.

याचा अर्थ वर्डप्रेसच्या घरी सगळं आलबेल आहे असा नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसचे एक संस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात भांडण पेटलं आणि त्या कंपनीच्या सर्व्हरना वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून अपडेट मिळणं बंद झालं. ऑक्टोबरात त्याच कंपनीच्या लाखो साइटवर असलेल्या एका प्लगइनची वर्डप्रेसच्या यादीतली जागा दुसऱ्या नावानं ताब्यात घेतली गेली. डिसेंबरात अमेरिकेतल्या न्यायालयानं तात्पुरता मनाईहुकूम काढून आधीची स्थिती आणायला लावली. कोड खुला असला तरी अपडेट ज्या एका दारातून येतात, त्या दाराची किल्ली कुणाच्या हातात आहे हे त्या तीन महिन्यांत सगळ्यांना कळलं. वूकॉमर्स निवडणाऱ्यानं ही जोखीम माहीत असूनच निवडावं.

मग घ्यायचं काय?

पहिला प्रश्न ओपन सोर्स घ्यायचं की नाही हाच आहे. शॉपिफायसारख्या सेवेत महिन्याला पैसे भरले की सर्व्हर, सुरक्षा, अपडेट ही कामं ती कंपनी बघते. तो भाड्याचा गाळा आहे: गळकं छत मालक दुरुस्त करतो, पण भाडं तोच ठरवतो आणि भिंतीला खिळाही त्याला विचारून ठोकावा लागतो. ज्याच्या घरात किंवा ओळखीत साइटची निगा राखणारं कुणी नाही, आणि त्यासाठी दरमहा पैसे बाजूला काढायची तयारीही नाही, त्यानं बिनदिक्कत ही सेवा घ्यावी. निगा न राखलेलं ओपन सोर्स दुकान गिऱ्हाइकांच्या दृष्टीनं धोक्याचं असतं, आणि त्यांच्या पैशाची जोखीम घेण्याचा हक्क आपल्याला नाही.

स्वतःचं बांधायचंच असेल तर सांगली, नाशिक किंवा नांदेडच्या छोट्या व्यापाऱ्याला मी सहसा वूकॉमर्सच सुचवीन. कारण साधं आहे: उद्या रात्री चेकआउट बंद पडला तर वर्डप्रेस जाणणारा माणूस जिल्ह्याच्या गावात सापडतो. मॅजेंटोचा डेव्हलपर पुण्या-मुंबईत सापडेल, आणि त्याचं मानधन मोठ्या कंपनीला परवडेल असं असेल. फ्रान्समधलं प्रेस्टाशॉप आणि हाँगकाँगमधून चालणारं ओपनकार्ट ही चांगली, हलकी सॉफ्टवेअर आहेत. पण आपल्या भागात त्यांचा जाणकार आधी शोधा, मग ती बसवा. ज्यांचा हिशेब आणि गोदाम आधीच ईआरपीनेक्स्टवर आहे, त्यांची गोष्ट वेगळी. मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजनं बनवलेल्या या सॉफ्टवेअरला दुकानाचा भाग 'वेबशॉप' नावाच्या वेगळ्या ॲपमधून जोडता येतो. मग साठा दोन ठिकाणी लिहावा लागत नाही. घाऊक माल विकणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं.

कोणतंही सॉफ्टवेअर ठरवण्याआधी, खुला कोड जिथे ठेवला जातो त्या गिटहबवर त्याचं पान उघडून बसा. कोड वाचता येत नसला तरी चालेल. शेवटची आवृत्ती कधी आली, गेल्या वर्षभरात किती वेगवेगळ्या माणसांनी कोड लिहिला, एकटाच कुणी सारं ओढतो आहे का, लोकांनी नोंदवलेल्या चुकांना उत्तरं मिळतात का, सुरक्षेची चूक कळवायला वेगळा पत्ता दिला आहे का, हे सगळं तिथे दिसतं. सुरक्षेच्या चुकांची यादी लांबलचक दिसली म्हणून घाबरू नका. ज्या प्रकल्पात कधीच चूक सापडलेली नाही, तिथे बहुधा कुणी शोधलेलीच नसते. सापडल्यापासून दुरुस्ती येईपर्यंत किती दिवस गेले, तेवढं पाहा.

आणखी एक परीक्षा मी आवर्जून करायला सांगतो. चाचणीच्या सर्व्हरवर दुकान मांडा, वीसेक वस्तू टाका, चार खोट्या ऑर्डरी करा, आणि मग ते सगळं बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन पाहा. वस्तू सहज निघतात. वेगवेगळ्या मापांच्या आणि रंगांच्या वस्तू अडखळतात. जुन्या ऑर्डरी त्याहून जास्त अडखळतात. गिऱ्हाइकांचे पासवर्ड सांकेतिक रूपात साठवलेले असतात, त्यामुळे ते बऱ्याचदा नेताच येत नाहीत आणि सगळ्यांना नवा पासवर्ड करायला सांगावं लागतं. वस्तूंच्या पानांचे पत्ते बदलतात, आणि जुन्या पत्त्यांवरून नव्यांवर वाट करून दिली नाही तर गूगलवरून येणारं गिऱ्हाईक कोऱ्या पानावर पोचतं. बाहेर पडणं किती अवघड आहे, हे आत शिरण्याआधीच कळलेलं बरं.

मूळ सॉफ्टवेअर चांगलं निवडलं तरी दुकानाची मोडतोड बहुतेक वेळा जोडलेल्या प्लगइनमधून होते. वर्डप्रेसच्या यादीत दोन लाख साइटवर असलेलं 'डिस्प्ले विजेट्स' हे प्लगइन २०१७ मध्ये मूळ लेखकानं विकलं. नव्या मालकानं अपडेटमधून त्यात साइटवर गुपचूप मजकूर टाकणारा कोड घातला. ते यादीतून काढलं, परत आलं, पुन्हा काढलं आणि शेवटी सप्टेंबरात कायमचं हटवलं गेलं. अपडेट करणारा दुकानदार आपलं कर्तव्यच करत होता. म्हणून प्लगइन जितकी कमी, तितकं बरं. ज्याच्याशिवाय विक्री अडणार नाही, ते बसवूच नका. विकत मिळणारं प्लगइन फुकट देणाऱ्या साइटपासून तर दूरच राहा. परवान्यानं प्रत वाटायला आडकाठी नसते हे खरं, पण त्या प्रतीत कुणी काय मिसळलं आहे ते कळत नाही, आणि मूळ लेखकाकडून येणारी दुरुस्तीही तुम्हाला मिळत नाही. मूळ फाइलमध्ये तर हात घालूच नका. वर्डप्रेसमध्ये हुक आणि चाइल्ड थीम, मॅजेंटोत मॉड्यूल या वाटा त्यासाठीच आहेत. डेव्हलपरनं 'फक्त एक ओळ बदलली' असं सांगितलं, तर ती ओळ कुठल्या फाइलमध्ये बदलली हे त्याला विचारा.

आता निगा. साधी साइट आणि दुकान यांत एक फरक आहे, आणि तो लक्षात न घेतल्यानं फार नुकसान होतं. दुकानाचा डेटाबेस दर मिनिटाला बदलतो. रात्री दोनचा बॅकअप घेतला आणि दुपारी साइट बिघडली म्हणून तो परत चढवला, तर सकाळपासूनच्या ऑर्डरी गेल्या. पैसे गेटवेकडे जमा, गिऱ्हाईक वाट पाहतंय, आणि दुकानात नोंदच नाही. म्हणून डेटाबेसचा बॅकअप दिवसातून अनेक वेळा, आणि दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर. वर्षातून निदान दोनदा तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर चढवून दुकान उघडतं का ते बघायचं. न उघडून पाहिलेला बॅकअप बॅकअप म्हणून धरू नये.

अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर करायचं, ज्याला स्टेजिंग म्हणतात. तिथे सगळं ठीक चाललं की पुष्कळ जण स्टेजिंगची पूर्ण प्रत उचलून खऱ्या दुकानावर टाकतात. त्यातही तेच होतं: मधल्या काळातल्या ऑर्डरी पुसल्या जातात. स्टेजिंगवरून कोड न्यायचा, डेटाबेस नाही. शिवाय प्रत केल्याबरोबर तिथला ईमेल बंद करायचा आणि गेटवे चाचणीच्या मोडवर टाकायचा. नाहीतर त्या प्रतीतली पार्श्वभूमीत चालणारी कामं खऱ्या गिऱ्हाइकांना मेल पाठवत राहतात, आणि दरमहा वर्गणीचा माल असेल तर दोनदा पैसे कापले जाऊ शकतात. पानं वेगानं उघडावीत म्हणून कॅशिंग लावलं असेल, तर टोपली, चेकआउट आणि खातं ही तीन पानं त्यातून वगळली आहेत का ते तपासा. तसं नसेल तर एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसू शकतो.

वेळ कोणती निवडायची? देवगडच्या आंबा बागायतदारानं मोठी अपडेट मार्चच्या शेवटी करू नयेत. ती जूनमध्ये करावीत, शेवटची पेटी गेल्यावर. फराळ परदेशी पाठवणाऱ्यानं दिवाळीआधीचे दोन महिने दुकानाची रचना गोठवून ठेवावी. पीएचपीची आवृत्ती बदलणं हे अशा मोठ्या कामांपैकी एक. पीएचपी ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, तरी ती चालवणारे सर्व्हर अजून सापडतात. सुरक्षेची दुरुस्ती मात्र हंगामासाठी थांबत नाही. ती आली त्याच दिवशी लावायची.

आणि सोबतची सूचना पूर्ण वाचायची. जून २०२४ मध्ये मॅजेंटोत 'कॉस्मिकस्टिंग' नावानं ओळखली गेलेली चूक सापडली. तिच्यातून दुकानाची गुप्त किल्ली चोरता येत होती. अडोबीनं दुरुस्ती काढली. पण दुरुस्ती लावण्याआधीच किल्ली चोरीला गेली असेल, तर दुरुस्तीनंतरही चोर तीच किल्ली लावून आत येऊ शकत होता. किल्ली बदलायलाच हवी होती. ज्यांनी नुसतं अपडेट केलं आणि पुढची ओळ वाचली नाही, त्यांची दुकानं नंतर फोडली गेली.

कार्डाचा नंबर आपल्या सर्व्हरवर ठेवायचाच नाही, हे भारतात आता नियमानंच ठरलेलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा तपशील साठवता येत नाही, त्याच्या जागी टोकन वापरावं लागतं. छोट्या दुकानानं पैसे भरण्याचं पान सरळ गेटवेकडेच सोपवावं. तरीही सावध राहायला हवं, कारण आपल्या पानात शिरलेला चोरटा कोड गिऱ्हाइकाला गेटवेऐवजी दुसरीकडेच पाठवू शकतो. दुकान फोडलं गेलं तर सायबर सुरक्षा पाहणाऱ्या 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेला सहा तासांत कळवावं लागतं आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे. तुमचं होस्टिंग नोंदी किती दिवस ठेवतं, हे आजच विचारून घ्या. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी. हे कुठलंही परदेशी सॉफ्टवेअर आपणहून करत नाही.

जीएसटीचंही तसंच. महाराष्ट्रातल्या दुकानानं महाराष्ट्रात माल पाठवला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी निम्मे-निम्मे, राज्याबाहेर पाठवला तर आयजीएसटी. वूकॉमर्समध्ये राज्यानुसार दर भरून हे करता येतं. २२ सप्टेंबर २०२५ रोजी दर बदलले, तेव्हा हे काम कुणी नीट केलं होतं ते उघड झालं. पाकीटबंद नमकीन १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. हजार ते अडीच हजार रुपयांच्या चपलेच्या जोडीवरचा कर १८ वरून ५ वर आला. ज्यांनी प्रत्येक वस्तूला कराचा वर्ग नेमून दिला होता, त्यांना वर्गाचा दर एका जागी बदलायचा होता किंवा वस्तू गटानं दुसऱ्या वर्गात हलवायच्या होत्या. ज्यांनी कर किमतीत मिसळून टाकला होता, ते एकेक वस्तू उघडत बसले. जुन्या ऑर्डरीत मात्र जुनाच दर राहायला हवा. तुमचं बिल छापणारं प्लगइन ऑर्डरीत साठवलेला कर दाखवतं की आजचा दर लावून नव्यानं मोजतं, हे एखादी जुनी ऑर्डर छापून तपासा.

डोमेन, होस्टिंग आणि गेटवेचं खातं स्वतःच्या नावावर आहे ना, हेही बघा. दुकान बांधणारी एजन्सी सोयीसाठी डोमेन आपल्या नावावर घेते, आणि संबंध बिघडले की दुकानदाराला स्वतःच्याच दुकानाची पाटी मिळत नाही. काम सोडून गेलेल्या प्रत्येकाचं ॲडमिन खातं त्याच दिवशी बंद करा, आणि उरलेल्यांना पासवर्डबरोबर मोबाइलवरचा कोड सक्तीचा करा.

शेवटी वाचकाला एक विनंती. ही सगळी सॉफ्टवेअर कुणीतरी वेळ काढून सांभाळतं आहे. ज्या प्लगइनवर तुमची विक्री चालते, त्याची पैसे देऊन मिळणारी आवृत्ती असेल तर ती घ्या. चूक सापडली तर ती कशी घडली, कुठल्या आवृत्तीत घडली, हे नीट लिहून कळवा. सुरक्षेची असेल तर ती चारचौघांत न मांडता त्यांनी दिलेल्या पत्त्यावर कळवा. आणि काहीच जमलं नाही तर मराठीसाठी हात लावा. वर्डप्रेस आणि वूकॉमर्सचं मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात. त्यासाठी डेव्हलपर असावं लागत नाही. वर्डप्रेसच्या भाषांतराच्या संकेतस्थळावर कुणीही खातं उघडून एकेक वाक्य सुचवू शकतं, आणि मराठीचे संपादक ते तपासून मंजूर करतात.